पोस्टजीआयएस रिव्ह्यू: इंडेक्स भारीच आहे, पण त्याला प्रश्न नीट विचारावा लागतो

पोस्टजीआयएस म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशावरच्या जागा शोधायला शिकवणारी जोडणी. रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार, आणि तो अर्धा का कापला ते खाली कळेलच, त्यासाठीच तर एवढं लिहायला बसलोय.

आमच्याकडे एक साधं ॲप होतं, तुम्ही जिथे उभे आहात तिथून जवळचे चार्जिंग पॉइंट दाखवायचं. टेबलमध्ये लॅटिट्यूडचा एक कॉलम, लॉन्जिट्यूडचा एक कॉलम, आणि दोन्हींवर एकेक साधा इंडेक्स (रो पटकन सापडावी म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची), म्हटलं झालं की, इंडेक्स आहे म्हणजे फास्टच चालणार. डेटा थोडा होता तोवर चाललंही. मग रो लाखांत गेल्या आणि "जवळचे दाखवा" बटण दाबलं की गोल फिरणारं चक्र बघत बसायचं, असं सुरू झालं. पहिल्यांदा आम्ही सर्व्हरला शिव्या घातल्या, मग नेटवर्कला, आणि सगळ्यात शेवटी एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरी आतून कशी चालली ते दाखवणारी कमांड) चालवून बघितलं, जे खरं म्हणजे सगळ्यात आधी करायला हवं होतं.

गंमत अशी की इंडेक्स वापरला जात होता. तरीही स्लो. हे डोक्यात शिरायला मला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमचा तो साधा इंडेक्स असतो बी-ट्री, म्हणजे एका रांगेत लावलेला डेटा, लहानापासून मोठ्यापर्यंत. नाव, तारीख, रक्कम असल्या गोष्टींना मस्त, कारण त्यांची रांग लागते. पण नकाशावरच्या जागांची एक रांग कशी लावणार? तुम्ही म्हणालात की माझ्यापासून ५ किमीमधले द्या, म्हणजे लॅटिट्यूड साधारण ०.०४५ डिग्री खाली-वर (एक डिग्री लॅटिट्यूड म्हणजे सुमारे १११ किमी). बी-ट्री काय करतो, तर त्या लॅटिट्यूडचा पट्टाच्या पट्टा उचलतो, १० किमी रुंद आणि पृथ्वीला गोल वळसा घालून येणारा! विषुववृत्ताजवळ असाल तर हा पट्टा ४०,००० किमी लांब, म्हणजे ४ लाख चौरस किमी, आणि तुम्हाला हवं होतं ते वर्तुळ जेमतेम ७९ चौरस किमीचं. बाकी सगळं वाचायचं आणि फेकून द्यायचं.

आता कोणीतरी म्हणणारच, दोन्ही कॉलमचा मिळून एक कंपोझिट इंडेक्स करा. केला. पहिल्या कॉलमवर रेंज लागली की दुसऱ्या कॉलमचा शोध घेताना फारसा उपयोग होत नाही, तो फक्त चाळणीचं काम करतो, पट्टा तेवढाच राहतो. आणि दोन वेगळे इंडेक्स असले तर पोस्टग्रेस हुशारी करून दोन्हींचे बिटमॅप (कुठे जुळतंय त्याच्या खुणांच्या याद्या) काढून एकमेकांवर ठेवतो, म्हणजे एक आडवा पट्टा आणि एक उभा पट्टा, जिथे छेदतात तेवढं आपलं, पण त्यासाठी आधी दोन्ही पट्टे चाळावे लागतातच ना. शिवाय लॉन्जिट्यूडची डिग्री सगळीकडे सारखी नसते, विषुववृत्तावर १११ किमी आणि ६० अंश उत्तरेला गेलं की निम्मी, म्हणजे ५६ किमीच्या आसपास. हे कोसाइनचं गणित कोडमध्ये कोणीतरी विसरतोच, आमच्याकडे तो कोणीतरी मीच होतो.

तर मग पोस्टजीआयएस. पोस्टग्रेसचं एक्स्टेंशन आहे, २००१ पासून चालत आलेलं, ओपन सोर्स. तुमचा डेटाबेस ज्या मशीनवर आहे तिथे पॅकेज असेल तर क्रिएट एक्स्टेंशनची एक ओळ मारली की झालं. यातला इंडेक्स आर-ट्रीच्या कल्पनेवर चालतो, ही कल्पना ॲन्टोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडली, आणि पोस्टग्रेसमध्ये ती जिस्ट नावाच्या सांगाड्यावर बसवलेली आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर जवळजवळच्या गोष्टी एका चौकटीत टाकायच्या, अशा काही चौकटी मिळून मोठी चौकट, त्या मिळून अजून मोठी, डब्यात डबा त्यात डबा. शोधायला गेलं की ज्या डब्याचा तुमच्या शोधाच्या चौकटीशी काही संबंधच नाही तो उघडायचाच नाही. पट्टा वगैरे भानगडच नाही. मात्र इंडेक्स फक्त चौकटी बघतो, अचूक अंतर नंतर मोजलं जातं, म्हणजे आधी ढोबळ मग बारीक. हे दोन टप्पे लक्षात ठेवा, पुढची निम्मी डोकेदुखी यातूनच येते.

आम्ही जागेसाठी नवा कॉलम जोडला, जिस्ट इंडेक्स टाकला, क्वेरी बदलली, आणि जिथे सेकंद मोजत होतो तिथे मिलीसेकंद आले. इथवर सगळं छान, पाचपैकी पाच.

आता कापलेला अर्धा.

माझी तक्रार एकच आहे, तुम्ही चूक केलीत तर हे एक्स्टेंशन ओरडत नाही. शांतपणे चुकीचं उत्तर देतं, किंवा शांतपणे स्लो होतं. सगळ्यात पहिला खड्डा म्हणजे जॉमेट्री आणि जिओग्राफी हे दोन टाइप. जॉमेट्री म्हणजे सपाट कागद, जिओग्राफी म्हणजे गोल पृथ्वी. जीपीएसमधून येणारे आकडे असतात डब्ल्यूजीएस ८४ या पद्धतीचे, त्याचा एसआरआयडी (कुठली पद्धत ते सांगणारा नंबर) ४३२६, आणि तो जॉमेट्री कॉलमला लावला तर अंतराचं एकक मीटर नसून डिग्री असतं! मी एसटी_डीविदिनमध्ये (अमुक अंतराच्या आत आहे का ते सांगणारं फंक्शन) ५००० लिहिलं, मनात मीटर, आणि डेटाबेसने समजून घेतलं ५००० डिग्री. अख्खी पृथ्वीच ३६० डिग्रीची आहे हो, त्यामुळे टेबलमधली प्रत्येक रो "जवळची" ठरली. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. आणि टेस्टमध्ये पकडलं का गेलं नाही, तर टेस्टच्या डेटामध्ये दहाच पॉइंट होते आणि सगळे जवळजवळच होते, टेस्ट पास!

त्यामुळे माझं सरळ मत, पॉइंट जगभर पसरलेले असतील आणि "अमुक मीटरच्या आत" एवढाच प्रश्न असेल तर डोळे झाकून जिओग्राफी घ्या. मीटरमध्ये बोलतो, ध्रुवाकडे गेलात तरी चुकत नाही, १८० अंशाच्या रेषेवरही गडबडत नाही (फिजीमध्ये ती रेषा चक्क जमिनीवरून जाते, तिथे तुमचा लॅट-लाँगचा बिटवीन, म्हणजे "इथपासून तिथपर्यंत"वाली अट, झोपतो). थोडा हळू आहे, कारण हिशोब किचकट, आणि फंक्शन्सही जॉमेट्रीइतकी नाहीत. काम एका छोट्या भागापुरतं असेल आणि तिथला मीटरमधला एखादा प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट करायची पद्धत) माहीत असेल तर जॉमेट्री अजून फास्ट. पण वेब मर्केटर, म्हणजे ३८५७, त्याच्यावर अंतर मोजू नका प्लीज, तो नकाशा दाखवण्यासाठी आहे, विषुववृत्तापासून लांब गेलं की त्याचे मीटर फुगतात, ६० अंशावर चक्क दुप्पट.

दुसरा खड्डा. एसटी_डिस्टन्स लहान ५००० पेक्षा, असं वेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, लिहिलं की वाचायला एकदम बरोबर वाटतं आणि उत्तरही बरोबर येतं, पण इंडेक्स वापरलाच जात नाही, प्रत्येक रोचं अंतर मोजत बसतो. तेच एसटी_डीविदिनने विचारा, इंडेक्स लागतो. दोन्हींचा अर्थ माणसाला एकच वाटतो, डेटाबेसला नाही. एसटी_बफरने मोठं वर्तुळ काढून त्यात काय पडतं ते बघायचं, हाही असाच एक लाडका प्रकार, वर्तुळ खरं तर बहुभुज होतं त्यामुळे कडेला चूक, आणि वर काम जास्त. सोडून द्या.

तिसरा, लॅट-लाँगचा क्रम. आपण बोलताना लॅट-लाँग म्हणतो, पॉइंट बनवणाऱ्या एसटी_मेकपॉइंटला आधी लाँग हवं, कारण त्याच्यासाठी ते एक्स आणि वाय आहेत. उलटं दिलं तर पॉइंट कुठल्यातरी समुद्रात किंवा भलत्याच देशात जाऊन बसतो. जिओग्राफीमध्ये आकडा ९० च्या बाहेर गेला तर एक नोटीस येते की बाबा मी हे आकडे ओढून-ताणून रेंजमध्ये बसवले, पण ती नोटीस, एरर नव्हे, इम्पोर्टच्या लॉगमध्ये कोण वाचतंय. आणि दोन्ही आकडे ९० च्या आतले असले तर तेवढीही नाही. आम्ही आता आकड्यांवर चेक कन्स्ट्रेंट (भलता आकडा आत येऊ न देणारी अट) टाकून ठेवलाय, आणि ज्यांचं लोकेशन कळलं नाही ते शून्य-शून्य म्हणून आत घुसतात त्यांच्यासाठी वेगळा.

चौथा सगळ्यात चीड आणणारा आहे. कॉलम जॉमेट्री, इंडेक्स जॉमेट्रीवर, आणि क्वेरीत तुम्ही दोन कोलन मारून त्याचं जिओग्राफी केलं, म्हणजे टाइप कास्ट केला. गेला इंडेक्स. कारण इंडेक्स त्या कॉलमवर आहे, कास्ट केलेल्या गोष्टीवर नाही. त्यासाठी कास्टसकट एक्स्प्रेशन इंडेक्स वेगळा बनवावा लागतो. हे एकदा कळलं की साधं आहे, पण कळेपर्यंत माझा एक अख्खा शनिवार गेला.

बरं, तक्रारी पुरे, आता जे मला मनापासून आवडलं ते. "सगळ्यात जवळचे १० द्या", त्रिज्या वगैरे काही नाही. याला दोन टोकांच्या बाणासारखा दिसणारा एक ऑपरेटर आहे, तो ऑर्डर बायमध्ये टाकायचा आणि लिमिट १० लावायचं, इंडेक्स स्वतःच जवळून लांब असा क्रमाने पॉइंट काढत जातो आणि दहा झाले की थांबतो. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.१ पासून आहे, २०११ पासून. आधी आम्ही काय करायचो, १ किमीत बघा, नाही मिळालं तर ५, नाही तर २०, असं लूप. ते सगळं कोड उडवलं, उडवताना फार बरं वाटलं. पण यातही एक मेख, वेअरमध्ये अशी अट टाकली की जी क्वचितच खरी होते, समजा एखादा दुर्मीळ प्लग, तर तो इंडेक्समधून जवळचे पॉइंट काढत बसतो, एक नाही, दुसरा नाही, हजारावाही नाही, आणि दहा भरेपर्यंत चालतच राहतो. यावर उपाय म्हणजे त्या प्लगपुरता पार्शल इंडेक्स, वेअरसकट बनवलेला. बी-ट्री-जिस्ट नावाचं एक्स्टेंशन घेऊन प्लगचा प्रकार आणि जागा एकाच इंडेक्समध्ये बसवताही येतात, तेही करून बघितलं, पण मोजके प्रकार असतील तर पार्शल जास्त सुटसुटीत वाटला मला.

पॉइंट सोडून हद्दी, म्हणजे पॉलिगॉन, असतील तर एक गोष्ट नक्की करा, एसटी_सबडिव्हाइड. इंडेक्स चौकट बघतो म्हटलं ना वर, तर एखाद्या तिरक्या लांबट प्रदेशाची चौकट प्रचंड असते आणि आत बहुतेक जागा त्या प्रदेशाची नसतेच, त्यामुळे इंडेक्स म्हणतो हो असेल, आणि मग हजारो शिरोबिंदूंशी घासाघीस करून उत्तर येतं नाही. तुकडे केले की चौकटी लहान, घासाघीस कमी. फरक डोळ्यांना दिसतो, चार्ट काढायची गरज नाही.

ब्रिन इंडेक्सबद्दल लोक विचारतात, तो डेटाच्या एकेका गठ्ठ्याची फक्त ढोबळ हद्द लिहून ठेवतो. आकाराने एवढुसा असतो, पण डेटा डिस्कवर जागेच्या क्रमाने मांडलेला असेल तरच कामाचा, आणि तो बाणवाला ऑपरेटर त्याच्यावर चालत नाही. एकदाच भरून ठेवलेला अवाढव्य डेटा असेल तर बघा. एसपी-जिस्ट, म्हणजे जिस्टसारखाच दुसरा एक सांगाडा, तोही लावून बघितला, आमच्या पॉइंट्सवर मला सांगण्यासारखा फरक दिसला नाही.

पोस्टजीआयएस कुठे घेऊ नये? एक, जिथे रो काही हजारच आहेत. साधे दोन कॉलम ठेवा, अख्खं टेबल वाचून हॅवरसाइन (गोलावरचं अंतर काढायचं सूत्र) लावा, कोणाला कळणारही नाही. छोट्या टेबलवर इंडेक्स टाकलात तरी प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) बऱ्याचदा तो बाजूला ठेवून सरळ टेबलच वाचतो, आणि मग लोक विचारत बसतात की माझा इंडेक्स का वापरला जात नाही. अरे बाबा, कारण गरजच नाही. पोस्टग्रेसमध्येच क्यूब आणि अर्थडिस्टन्स अशी दोन छोटी एक्स्टेंशन आहेत, "जवळचे दाखवा" एवढ्यासाठी ती पुरतात, पॉलिगॉन नको असतील तर तेही वाईट नाही.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, सतत हलणाऱ्या गोष्टी. गाड्या दर काही सेकंदांनी आपली जागा कळवतायत, अशा टेबलवर जिस्ट म्हणजे शिक्षा. पोस्टग्रेस अपडेट करताना रोची नवी प्रत बनवतो, आणि इंडेक्स असलेला कॉलम बदलला की त्या टेबलच्या प्रत्येक इंडेक्समध्ये नवी नोंद जाते, शॉर्टकट मिळत नाही. इंडेक्स फुगतो, जुन्या प्रती साफ करणारा व्हॅक्यूम मागे धावतो. आत्ता कोण कुठे आहे, एवढ्यासाठी रेडिस, म्हणजे मेमरीत चालणारा डेटाबेस, छान, ३.२ व्हर्जनपासून त्यात जिओ कमांड आहेत, जागेचा ५२ बिटांचा जिओहॅश (जागेचा एकच कोड) करून सॉर्टेड सेटमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत, ठेवतो, बस. पृथ्वी पूर्ण गोल धरतो म्हणून अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक होऊ शकते, ५ किमीला २५ मीटर, चालतंय की. ध्रुवाजवळ मात्र चालत नाही, साधारण ८५ अंशाच्या पुढे तो पॉइंट घेतच नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मायएसक्यूएल ८ आधीच वापरत असाल तर त्यासाठी डेटाबेस बदलू नका, स्पेशियल, म्हणजे जागेचा, इंडेक्स तिथेही आहे, फक्त कॉलम नॉट नल (रिकामा न चालणारा) हवा आणि त्याला एसआरआयडी बांधलेला हवा, नाहीतर ऑप्टिमायझर त्या इंडेक्सकडे ढुंकूनही बघत नाही. आणि ४३२६ मध्ये टेक्स्टवरून पॉइंट बनवताना तिथे आधी लॅट लागतो, पोस्टजीआयएसच्या बरोब्बर उलटं! दोन्हीकडे काम करणाऱ्याने काय करायचं देव जाणे. मोंगोडीबीचा २डीस्फिअर इंडेक्स मला आवडला, आतून गूगलची एसटू लायब्ररी आहे, सेटअपला काही नाही, गुंतागुंतीचे प्रश्न विचारायला लागलं की मात्र हात बांधल्यासारखे होतात. एसक्यूलाइटचा आर-ट्री मोबाइल ॲपमध्ये ऑफलाइन डेटासाठी झकास, पण तो आकडे ३२ बिटांत ठेवतो, मूळ आकडे वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, नाहीतर पॉइंट एखादा मीटर इकडेतिकडे सरकलेला दिसेल.

आणि जिओहॅश. गुस्तावो निमायर यांनी २००८ मध्ये आणलेली आयडिया, जागेचं अक्षरांत रूपांतर, ६ अक्षरं म्हणजे साधारण १.२ किमी बाय ०.६ किमीचा चौकोन. याचं कौतुक असं की साध्या बी-ट्रीवर चालतं, कुठलाही डेटाबेस घ्या. पण चौकोनाच्या कडेवरचे दोन शेजारी, मधे रस्ताच काय तो, त्यांचे कोड पहिल्या अक्षरापासून वेगळे असू शकतात. म्हणून स्वतःचा एक आणि शेजारचे आठ असे नऊ चौकोन विचारायचे, हे न करता "सुरुवात सारखी म्हणजे जवळ" असं समजणारे बरेच कोड मी बघितलेत. उबरने २०१८ मध्ये खुलं केलेलं एचथ्री असंच कोड देतं, पण चौकोनांऐवजी षटकोनांचे, नकाशावर गर्दी कुठे किती असा गोषवारा काढायला त्याच्यासारखं दुसरं नाही, मी पोस्टजीआयएसच्याच शेजारी एका कॉलममध्ये ठेवलंय. अचूक अंतरासाठी मात्र तो वापरू नये, तो त्यासाठी नाहीच.

पोस्टजीआयएसचं डॉक्युमेंटेशन भरपूर आहे, जी फंक्शन्स इंडेक्स वापरतात त्यांच्या पानावर तसं लिहिलेलं असतं, मी ते ओलांडून थेट उदाहरण कॉपी करायचो, तो माझा दोष. अपग्रेड मात्र कटकटीचं, पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन बदलताना एक्स्टेंशनचं व्हर्जनही जुळवावं लागतं, त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका. आणि नवा डेटा ओतला की ॲनालाइझ (टेबलची आकडेवारी ताजी करणारी कमांड) चालवा, प्लॅनर आकडेवारी बघूनच ठरवतो.

काल सहज पीजी_स्टॅट_युजर_इंडेक्सेस (कुठला इंडेक्स किती वापरला ते तिथे दिसतं) उघडून बघितलं, तर आमचे ते जुने लॅट आणि लाँगचे दोन बी-ट्री अजून तिथेच होते. नवा कॉलम आल्यापासून एकदाही वापर नाही, स्कॅनचा आकडा तिथेच थांबलेला, तरी प्रत्येक इन्सर्टला आपले इमानदारीत भरले जातायत. ड्रॉप केले दोन्ही.